टायरच्या बिलावर टायरचे वय का नसते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘गुरुजी, गाडी जुनी झाली, आता असं चालायचंच,’ हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी चार ठिकाणी ऐकले. स्टिअरिंग थरथरते म्हणून गॅरेजमध्ये गेलो तेव्हा ऐकले, चाकातली हवा आठवड्यात उतरते म्हणून पंक्चरच्या दुकानात गेलो तेव्हा ऐकले, टायर आतल्या बाजूनेच झिजतो म्हणून अलाइनमेंट करणाऱ्याकडे गेलो तेव्हा ऐकले, आणि नव्या टायरला पंधरा महिन्यांत तडे गेले म्हणून ज्या दुकानातून तो घेतला होता तिथे गेलो तेव्हा तर अगदी ठासून ऐकले. पहिल्या तीन तक्रारींची कारणे पुढे सापडली आणि ती दुरुस्तही झाली. चौथ्या तक्रारीचे कारण मात्र गाडीच्या वयात नव्हते, टायरच्या वयात होते, आणि ते वय मला दिलेल्या बिलावर कुठेच लिहिलेले नव्हते. हे पत्र मुख्यतः त्या बिलाविषयी आहे. परंतु जुन्या गाडीच्या चाकांविषयीच्या तक्रारी कशा परतवल्या जातात हे कळल्याशिवाय बिलाचे महत्त्व लक्षात येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास सुरुवातीचा भाग कापावा, शेवटचा ठेवावा, ही विनंती.

माझी गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी असून तिची नोंदणी जून २००९ मधली, परभणीची आहे. शाळेत गणित शिकवत असताना कर्ज काढून घेतलेली ही गाडी आजवर जेमतेम ७१ हजार किलोमीटर चालली आहे. लग्नकार्याला पाथरी-माजलगाव, दवाखान्यासाठी परभणी आणि वर्षातून एखाद्या वेळी जालन्यापर्यंत जाऊन समृद्धी महामार्ग, एवढाच तिचा प्रवास. एरवी ती अंगणातल्या कडुलिंबाखाली पंधरा-पंधरा दिवस उभी असते. इतकी कमी चाललेली गाडी म्हणजे तिचे सगळे चांगलेच असणार, असा माझा समज होता. तो किती चुकीचा होता ते पुढे येईलच.

हवेचे प्रकरण आधी सांगतो, कारण त्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. पुढच्या डाव्या चाकातली हवा दर आठ-दहा दिवसांनी तीस पॉइंटवरून अठरा-वीसवर यायची (पंपावर ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात ते हवेच्या दाबाचे माप म्हणजे पीएसआय). आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय बाभळीच्या काट्यावर जातो आणि बहुधा तो खराही ठरतो. बांधावरची बाभूळ तोडून फांद्या रस्त्याने ओढत नेल्या की मागे काटे उरतात, आणि ट्यूबलेस टायरात रुतलेला काटा हवा एकदम सोडत नाही, दिवसाला थोडी थोडी सोडतो. तीन ठिकाणी टायर पाण्यात बुडवून पाहिला, काटा सापडला नाही. एकाने पूर्वीच्या पंक्चरमध्ये भरलेली दोरी उगाचच बदलून दिली, दुसऱ्याने ‘जुन्या गाडीला ट्यूबच बरी’ म्हणत आत ट्यूब टाकली, आणि मीही ती टाकू दिली. ट्यूबलेस टायरचा आतला पृष्ठभाग ट्यूबसाठी गुळगुळीत केलेला नसतो, त्यामुळे ट्यूब आत घासते आणि तापते. शिवाय खिळा लागला की ट्यूबलेस टायरसारखी हवा हळूहळू न जाता व्हॉल्व्हच्या भोकाशेजारून झटकन बाहेर पडते. गाडीत असलेला एक चांगला गुण मी पैसे मोजून काढून टाकला होता.

शेवटी आमच्या गावातल्या पंक्चरवाल्या चाचांनी टायर रिमवरून पूर्ण उतरवला, रिमच्या काठावरून आतून बोट फिरवले आणि तांबडी भुकटी लागलेले ते बोट माझ्यापुढे धरले. ‘हवा टायरातून नाही, काठातून निघायली गुरुजी,’ एवढेच ते म्हणाले. ट्यूबलेस टायरात हवा कोंडून राहते ती टायरची कड रिमवर घट्ट बसते म्हणून. पोलादी रिमचा रंग उडून तिथे गंजाचे पापुद्रे धरले की ती बैठक खडबडीत होते आणि कडेखालून हवा झिरपत राहते. पाण्यात बुडवल्यावर येणारे बुडबुडे इतके बारीक असतात की घाईत दिसत नाहीत. चाचांनी रिम तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासली, प्रायमर लावून ती दोन दिवस वाळू दिली, टायर बसवताना काठाला सीलंट लावले आणि व्हॉल्व्हही नवा घातला, कारण त्याचा रबरी देठ वाकवून पाहिला तेव्हा बुडाशी चिरा दिसल्या होत्या. त्यानंतर त्या चाकातली हवा महिन्याला एखाद्या पॉइंटपेक्षा जास्त उतरत नाही. गाडी जुनी होती हे खरेच, पण ‘जुनी’ या शब्दाने दुरुस्ती होत नव्हती. ‘गंज’ या शब्दाने झाली.

थरथरीचे कारणही रिममध्येच निघाले. गाडी ८० च्या आसपास गेली की स्टिअरिंग हलायचे आणि वेग कमी केला की थांबायचे, हे चाकाचा तोल बिघडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. दोनदा बॅलन्सिंग करून, रिमला शिशाचे तुकडे लावूनही ते गेले नाही, कारण खड्ड्यात आपटून रिमचा आतला काठ वाकला होता आणि वाकलेल्या चाकाला कितीही वजने लावली तरी ते गोल होत नाही. रिम बदलली आणि प्रश्न मिटला. टायर आतून झिजण्याचे कारण त्याहून साधे होते. तीन वेळा अलाइनमेंट केली, तिन्ही वेळा यंत्रातून निघालेल्या कागदावर सर्व आकडे हिरवे होते, आणि तरीही झीज चालूच होती. कारण लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश फाटलेले होते. गाडी यंत्रावर उभी असताना चाक सरळ असायचे आणि ब्रेक लावला की जागचे हलायचे. जॅकवर चाक उचलून ते दोन्ही हातांनी हलवून पाहायला दोन मिनिटे पुरली असती.

रस्त्यांविषयी आपल्या स्तंभात इतके छापून आले आहे की मी भर घालणार नाही, फक्त चाकाशी संबंधित एक गोष्ट नोंदवतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता कडेला खचतो आणि डांबर व साइडपट्टी यांच्यात वीतभर पायरी तयार होते. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीने अनेक ठिकाणच्या साइडपट्ट्या वाहूनच नेल्या. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला की लहान गाडीला त्या पायरीवरून खाली उतरावे लागते आणि पुन्हा वर चढावे लागते. तसे चढताना टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, डांबराच्या धारेवर घासते. बगलेतले धागे तुटले की तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. तरी ‘चालतंय तोवर चालवा’ असा सल्ला देणारे मला भेटले आहेत.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरण्याची आपल्याकडची पद्धत तर इतकी रूढ आहे की मी स्वतः पंचवीस वर्षे पंपावर ‘दोन पॉइंट कमीच ठेवा’ असे सांगत आलो. निवृत्तीनंतर सवड मिळाली म्हणून कागदावर हिशेब मांडला. परभणीत मे महिन्यात पहाटे २७ अंश आणि दुपारी ४३ अंश तापमान धरले, तर पहाटे भरलेली ३० पीएसआय हवा दुपारपर्यंत केवळ हवामानामुळे सुमारे अडीच पीएसआयने वाढते, आणि गाडी चालल्यावर आणखी थोडी वाढते. गाडी बनवणारे ही वाढ धरूनच दाराच्या खांबावरच्या पट्टीवर आकडा देतात, म्हणून तो थंड टायरचा आकडा असतो. आपण हवा कमी केली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्याने टायर अधिक तापतो. टायर थंड राहावा म्हणून आपण जे करतो त्यानेच तो तापतो. सिमेंटच्या महामार्गावर तासाला शंभर-सव्वाशेच्या वेगाने, भर दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत ही चूक अंगावर येऊ शकते.

आता मूळ मुद्दा. मे २०२४ मध्ये, म्हणजे गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी, मी पुढचे दोन टायर नवे घेतले. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, आणि गोटा झालेल्या टायरवर गाडी तपासणीला नेणे मला शोभले नसते. बिल मिळाले, त्यावर ‘टायर, २ नग’, आकार आणि रक्कम, त्या वेळचा २८ टक्के जीएसटी धरून. गाडी तपासणीत पास झाली, नूतनीकरणाचे शुल्क भरले. गेल्या ऑगस्टमध्ये गाडी धुताना टायरच्या खाचांच्या तळाशी आणि बगलेवर केसासारखे बारीक तडे दिसले. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले तर खाचा अजून सहा मिलिमीटरच्या वर खोल होत्या. चाललेले अंतर साडेचार हजार किलोमीटर. खाच नवी आणि रबर म्हातारे, हे कोडे मला उलगडेना.

ते उलगडून दिले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता पुण्याकडे वाहन उद्योगात नोकरीला आहे. ज्याला मी अपूर्णांक शिकवले त्याने मला फोनवर चार अंकी संख्या वाचायला शिकवली, याचा मला आनंदच झाला. प्रत्येक टायरच्या बगलेवर एका लंबगोलात चार अंक उठवलेले असतात. पहिले दोन अंक वर्षातला आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. हा आकडा पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू आत घालून टायर बसवला तर गाडीखाली आरसा धरल्याशिवाय तो दिसत नाही. मी सत्तरीकडे झुकलेल्या वयात अंगणात सतरंजी टाकून आडवा झालो आणि बॅटरीच्या उजेडात वाचले : १११९. दोन्ही टायरांवर तेच. २०१९ चा अकरावा आठवडा, म्हणजे मार्च महिना. मी ‘नवे’ म्हणून घेतलेले टायर घेतले त्या दिवशीच पाच वर्षांहून जुने होते.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जाते, त्यातले मऊपणा टिकवणारे घटक कमी होतात आणि मग तडे दिसू लागतात. टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असा असतो की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि खाचा कितीही शिल्लक असल्या तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नये; काही मोटार कंपन्या सहा वर्षांतच बदलायला सांगतात. न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे की बंद, थंड, काळोख्या गोदामात ठेवलेला टायर उघड्यावरच्या टायरइतक्या वेगाने जीर्ण होत नाही, आणि वर्ष-दीड वर्ष जुना साठा विकण्यात काही गैर नाही. पण ज्या दुकानात मी टायर घेतले तिथे टायर फुटपाथवर, पश्चिमेच्या उन्हात, एकावर एक रचलेले असतात. परभणीच्या उन्हाची ख्याती मी आपल्या वाचकांना सांगायला नको.

दुकानदाराचीही बाजू समजून घेण्यासारखी आहे. माझ्या गाडीचा आकार १४५/८० आर १३, म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १३ इंची. असे लहान आकार आता नव्या गाड्यांत कमी दिसतात, तालुक्याच्या गावी वर्षाकाठी दोन-चार गिऱ्हाइके येतात, आणि कंपनीकडून आलेला माल पडून राहतो. मला पर्याय म्हणून १५५/६५ आर १३ सुचवला गेला होता, ‘तोच बसतो, सगळे तोच घालतात’ म्हणून. घरी आकडेमोड केली. माझ्या मूळ टायरचा व्यास सुमारे ५६२ मिलिमीटर येतो आणि त्या पर्यायाचा सुमारे ५३२. म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटरने खाली बसणार, स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा खरा वेग ९५ च्या आत असणार, आणि मूळ टायरवर कोरलेला ७५ हा भारांक एका चाकामागे ३८७ किलो सांगतो तर त्या टायरचा ७३ हा भारांक ३६५ किलो. मराठवाड्याच्या रस्त्यांवर पंधरा मिलिमीटर ही काही थोडी उंची नाही. जुन्या गाडीच्या मालकापुढे मग दोनच वाटा उरतात : योग्य आकाराचा जुना टायर किंवा चुकीच्या आकाराचा ताजा टायर. यातली कोणती वाट आपण निवडत आहोत हे निदान त्याला कळले तरी पाहिजे.

मी बिल घेऊन दुकानात गेलो. तिथे प्रथम गाडी जुनी असल्याचे सांगण्यात आले, मग रस्ते वाईट असल्याचे, मग ऊन फार असल्याचे. कंपनीकडे दाद मागितली तेव्हा आलेल्या माणसाने टायरचे फोटो काढले आणि ‘वापराच्या परिस्थितीमुळे’ असा शेरा मारून दावा नाकारला. हमीचा जो कागद मला दाखवण्यात आला त्यात मुदत उत्पादनाच्या आठवड्यापासून मोजलेली होती, म्हणजे मी पैसे मोजले त्याच दिवशी ती बहुतेक सरली होती. मी म्हणालो, हे टायर तुम्ही मला विकले तेव्हाच पाच वर्षांचे होते. त्यावर मिळालेले उत्तर ऐकून मी गप्प झालो : ‘तेच टायर आम्ही दिले याला पुरावा काय? बिलावर तर नंबर नाही.’

खरोखरच नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद करता येते. या सगळ्या वाटा उघड्या असूनही माझ्या हातातला कागद फक्त एवढेच सिद्ध करत होता की मी दोन टायर घेतले. कोणते दोन, हे तो सांगत नव्हता. टायरवर आयएसआय चिन्ह हवे, खाचांमध्ये झीजदर्शक उंचवटे हवेत, सगळी माहिती रबरावर उठवलेली हवी, याची काळजी व्यवस्थेने घेतली आहे. ती माहिती रबरावरून कागदावर येण्याचा शेवटचा हातभर प्रवास तेवढा राहून गेला आहे.

तपासणीच्या बाबतीतही हेच दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. हा नियम खाचेची खोली मोजतो, रबराचे वय मोजत नाही, म्हणून माझे पाच वर्षांचे टायर पंधरा वर्षांच्या गाडीवर सहज पास झाले. तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा त्यात काही दोष नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२१ पासून वाहनातील सुरक्षाविषयक दोषांसाठी गाड्या परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूद लागू झाली आणि मालकांच्या तक्रारींची संख्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्यास कंपनीला जाब द्यावा लागतो. पण ही तरतूद सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहे. सात वर्षांच्या पुढच्या गाडीच्या मालकाची तक्रार मोजलीच जात नाही. नव्या गाडीच्या मालकाला निदान रांगेत उभे राहता येते, आम्हाला रांगच नाही. जुन्या गाडीतला प्रत्येक दोष कंपनीने निस्तरावा असे माझे म्हणणे नाही. पंधरा वर्षांनी रिम गंजणे हा कंपनीचा दोष नव्हे. पण जुन्या गाडीवर बसवलेला टायर ही नवी वस्तू आहे, ती आजच्या भावाने घेतलेली आहे, आणि तिच्याविषयीची तक्रार गाडीच्या वयाच्या आड लपवता येऊ नये.

याच्या नेमकी उलट सवयही आपल्याकडे आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा पहिल्या काही तासांत सर्वत्र ‘टायर फुटला’ हेच कारण सांगितले गेले. पुढे परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नसल्याच्या बातम्या आल्या. मोठ्या अपघातात चौकशीआधीच टायरवर खापर फुटते, आणि लहान तक्रारीत टायरकडे कुणी वाकून पाहतही नाही. दोन्हीकडे टायरवरचा आकडा न वाचताच निकाल लागतो.

माझी स्वतःची चूकही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. चारही चाकांचे आकडे वाचल्यावर मी पाचव्याकडे, म्हणजे डिकीतल्या स्टेपनीकडे, पाहिलेच नाही. (वेल्समधल्या ज्या रस्त्यावर १९०४ साली जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू झाला त्या रस्त्याचे नाव स्टेपनी होते, तो शब्द आपल्याकडे इतका रुळला की आमच्या शाळेत बदली शिक्षकालाही मुले स्टेपनी म्हणत.) गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे माजलगावला जाताना, वाहून गेलेल्या साइडपट्टीवरून गाडी वर घेताना पुढच्या तडा गेलेल्या टायरची बगल कापली गेली. स्टेपनी काढली, तर ती पंधरा-सोळा वर्षांत एकदाही न वापरलेली, रबराचे बारीक केसही तसेच असलेली, पाहताक्षणी कोरी. मी समाधानाने ती बसवली. तीसेक किलोमीटर गेल्यावर धपधप आवाज सुरू झाला. उतरून पाहिले तर नक्षीची पट्टी टायरपासून सुटून चाकाच्या कमानीवर आपटत होती. वेग पन्नासच्या आत होता म्हणून निभावले. टायरवर आकडा होता १८०९. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली ती स्टेपनी डिकीतल्या डिकीत म्हातारी झाली होती. बहिणीचे ओवाळणीचे ताट संध्याकाळी सातपर्यंत तसेच थांबले.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. टायर विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने बिलावर टायरचा आकार लिहितो त्याच ओळीत टायरचा अनुक्रमांक आणि आठवडा-वर्षाचा चार अंकी आकडा लिहावा. मोबाइल विकताना दुकानदार त्याचा पंधरा अंकी क्रमांक बिलावर न चुकता घालतो. तिथे पंधरा अंक जमतात तर इथे चार जमायला हरकत नसावी. जिल्ह्यातील टायर विक्रेत्यांनी हे आपणहून सुरू केले तर उत्तम. न केल्यास वैधमापन आणि परिवहन विभागाने तशी सूचना काढावी. पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीत खाचेबरोबर स्टेपनीसह पाचही टायरांचे आकडे अहवालात नोंदवावेत. ते पाहून गाडी नापास करा असे मी म्हणत नाही. मालकाच्या हाती लेखी नोंद पडावी एवढेच म्हणतो. जुन्या गाड्या चालवणारे बहुतेक लोक हौसेने त्या चालवत नाहीत. शेतकरी, निवृत्त कर्मचारी, लहान दुकानदार यांना दुसरी गाडी परवडत नाही म्हणून ते तीच सांभाळत असतात, आणि सांभाळायला आधी काय सांभाळायचे ते कळावे लागते.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी दुसऱ्या दुकानातून पुढचे दोन टायर घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ते थोडे स्वस्तही पडले. पैसे देण्याआधी आकडा दाखवा म्हणालो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे नीट पाहिले, मग टायर उजेडात आणून फिरवला : ३०२५. छापील बिलावर त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने तो पेनाने समासात लिहिला आणि वर दुकानाचा शिक्का मारला. टायर बसवताना आकड्याची बाजू बाहेर ठेवा म्हटल्यावर तेही केले. स्टेपनीचा टायर अजून घ्यायचा राहिला आहे; डिकीत सध्या २०१९ च्या जोडीतला न कापला गेलेला टायर आहे. त्या आकाराचा ताजा माल आला की कळवतो असे दुकानदार म्हणाला आहे, आणि तोपर्यंत मी समृद्धीवर जाणे बंद ठेवले आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक सेवानिवृत्त गणित शिक्षक,
सेलू, जि. परभणी
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)